स्क्याच्चाता करताय? पीठ सैलच ठेवा

इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सँडविचचा हा पाव फोकाचा या दुसऱ्या इटालियन पावासारखा जाड, गुबगुबीत करू नका. जेमतेम बोटभर उंच आणि वरून कुरकुरीत हवा. 500 ग्रॅम मैद्याला 350 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 2 चमचे ऑलिव्ह तेल. पीठ हाताला चिकटणारच. घाबरून वर मैदा भुरभुरलात की पाव दगड झालाच म्हणून समजा! हात ओले करून अर्ध्या-अर्ध्या तासाने तीनदा घड्या घाला, मग रात्रभर फ्रिज. सकाळी तेल लावलेल्या ट्रेत पसरा. फुगल्यावर तेलकट बोटं पार तळापर्यंत रुतवा, वर जाडं मीठ. ओव्हन 230 अंश, 20-25 मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत. तिकडे आडवा कापून मोर्ताडेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) भरतात. शाकाहारी असाल तर भाजलेली वांगी झकास लागतात.