क्लच रेटिंग बघून बॅटिंग ऑर्डर लावावी का?
स्ट्रॅट-ओ-मॅटिकबद्दल, म्हणजे फासे आणि खेळाडूंच्या कार्डांवर चालणाऱ्या बेसबॉलच्या गेमबद्दल, विचारताय असं धरतो. खऱ्या बेसबॉलमध्ये यंदाचा क्लच हिरो (मोक्याच्या क्षणी हिट मारणारा) पुढच्या सीझनलाही तसाच खेळेल याचा भरवसा नसतो. १९७७ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक रिचर्ड क्रेमरने १९६९ आणि १९७० चे आकडे ताडून हेच दाखवलं होतं. (क्लच म्हणून गाजलेल्या डेव्हिड ऑर्टिझचे चाहते भांडतील, भांडू देत!) गेममध्ये मात्र कार्डावरचा आकडा फाशांना पाळावाच लागतो. पण कधी? दोन आउट झालेले आणि दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसवर रनर असेल तेव्हाच. म्हणून आधी ऑन-बेस (बेसवर पोहोचण्याचं प्रमाण) आणि पॉवर (लांब फटके मारण्याची ताकद) बघा. दोन बॅटर अगदी तुल्यबळ असतील, तर जास्त क्लचवाल्याला चौथ्या-पाचव्या नंबरवर घाला. लीडऑफला (पहिल्या नंबरच्या बॅटरला) ते रेटिंग बरंचसं वायाच जातं, त्याची पहिली पाळी तर कायम रिकाम्या बेसवर.