सिनेमासाठी लष्कर विमानं, जहाजं देतं, तेव्हा बदल्यात पटकथा बदलून घेतं का?

हो, आणि पैसेही घेतं. अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांवरच्या 'टॉप गन' सिनेमाचं (1986) उदाहरण घ्या. नायिका मूळ पटकथेत नौदलातली होती. नौदलाने हरकत घेतल्यावर ती नागरी तज्ज्ञ झाली. नायकाचा विमानातला साथीदार गूज याचा मृत्यू आधी दोन विमानांच्या टकरीत होता, तोही बदलला. उलट 'क्रिमझन टाइड' या सिनेमात पाणबुडीवर बंड दाखवलं होतं, म्हणून अमेरिकी नौदलाने सरळ नकार दिला. आपल्याकडे संरक्षण मंत्रालयाने 2020 मध्ये सेन्सॉर मंडळाला कळवलं की लष्करावरच्या सिनेमांना आधी ना हरकत प्रमाणपत्र घ्यायला सांगा.

अशा सिनेमांच्या चाहत्यांचं म्हणाल तर आमच्या गोव्यातल्या वास्कोत गंमतच असते. दाबोळीला नौदलाचा 'हंसा' तळ असल्यामुळे मिग-29के या लढाऊ विमानाचा आवाज पोरांच्या कानात बसलेला. पडद्यावर भलताच आवाज आला की थिएटरात हशा पिकतो! गणवेशावरची फीत चुकली तर निवृत्त शेजारीकाका मध्यंतरापर्यंत थांबत नाहीत, तिथेच बोलतात. पण पटकथेतून काय वगळलं, हे मात्र कोणी विचारत नाही. खरं विमान दिसलं की माणूस खूश, मीसुद्धा. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॅरियर विमानासमोर उभा राहून मीही फोटो काढलेत.