जपानी मजकूर विंडोजवर नीट दिसत नाही, टाइपही होत नाही. काय करावं?

तुम्ही एकाच प्रश्नात तीन तक्रारी लिहिल्या आहेत. जपानी क्लायंटची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली की भलतीच अक्षरं दिसतात, त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमच्या मेनूत नुसती प्रश्नचिन्हं येतात, आणि जपानी कीबोर्ड जोडूनही इंग्रजीच उमटतं. जपानी फॉन्ट टाकून पाहिलेत, पण काही फरक पडला नाही. माझं रोजचं काम जपानी फाइलींचंच आहे आणि नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात फॉन्टपासूनच करतो. त्याला कारणही आहे. श्रीलिपी किंवा शिवाजीसारख्या जुन्या फॉन्टमधली मराठी फाइल दुसऱ्या मशीनवर अगम्य दिसायची आणि तोच फॉन्ट टाकला की वाचता यायची. ती सवय जपानीच्या बाबतीत सोडावी लागते.

आधी स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा. रिकामे चौकोन दिसत असतील तरच फॉन्ट नाही असं समजा. भलतीच अक्षरं दिसत असतील तर बाइट (फाइलमधले मूळ आकडे) शाबूत आहेत, ते वाचताना एन्कोडिंग, म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर हे ठरवणारा तक्ता, चुकतंय. डोक्यावर नागमोडी रेघ असलेला रोमन 'ए' पुन्हापुन्हा येत असेल तर फाइल बहुधा यूटीएफ-८ आहे, कारण त्या एन्कोडिंगमध्ये हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्यांचा पहिला बाइट ई३ असतो आणि आपलं विंडोज त्याला तो 'ए' समजतं. आकडीसारखा तिरका 'एफ' जागोजागी दिसत असेल तर शिफ्ट-जिस हे जुनं जपानी एन्कोडिंग, म्हणजे विंडोजच्या भाषेत कोड पेज ९३२. काताकाना तिथे ८३ या बाइटने सुरू होतो. एवढ्या दोन खुणा ओळखता आल्या तरी निम्मा वेळ वाचतो.

सीएसव्हीवर डबल-क्लिक करू नका. रिकामं एक्सेल उघडून 'डेटा'मधून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ९३२ किंवा ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८) द्या. खालच्या प्रीव्ह्यूत लगेच कळतं. खरा धोका मात्र सेव्ह करताना आहे. आपल्याकडच्या मशीनवर साध्या 'सीएसव्ही' प्रकारात सेव्ह केलं तर एक्सेल प्रत्येक जपानी अक्षराच्या जागी खरोखरचं प्रश्नचिन्ह लिहितं. ती फाइल मग कुठल्याही सेटिंगने परत येत नाही. म्हणून मूळ फाइलची कॉपी आधी बाजूला ठेवा आणि 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा. क्लायंटच्या सिस्टिमला शिफ्ट-जिसच हवं असेल तर तीच फाइल व्हीएस कोड या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून 'सेव्ह विथ एन्कोडिंग' करा.

जुन्या प्रोग्रॅमच्या मेनूतली प्रश्नचिन्हं त्यामानाने निरुपद्रवी. प्रोग्रॅममधला मजकूर सुरक्षित असतो, फक्त दाखवताना त्याचं रूपांतर फसतं. कंट्रोल पॅनेलच्या 'रीजन'मध्ये 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह' टॅबवर सिस्टिम लोकेल (युनिकोड नसलेले जुने प्रोग्रॅम कोणती भाषा धरून चालतील ते ठरवणारं सेटिंग) जपानी करा आणि मशीन रीस्टार्ट करा. तिथेच यूटीएफ-८ची बीटा चौकट दिसेल, तिच्यावर टिक करू नका. ९३२ गृहीत धरून लिहिलेला प्रोग्रॅम त्याने आणखी बिघडतो. लोकेल बदलल्यावर फोल्डरच्या पाथमधली उलटी तिरकी रेघ काही ठिकाणी येनच्या चिन्हासारखी दिसेल. ते बरोबरच आहे, १९६९च्या जपानी मानकात त्या जागेवर येनच ठेवला होता. मात्र याच मशीनवर जुन्या फॉन्टवर चालणारं, युनिकोड नसलेलं मराठी डीटीपी असेल तर सिस्टिम लोकेलला हात लावू नका, त्या फाइली तिथे विस्कटतील. अशा वेळी लोकेल एम्युलेटर नावाचं छोटं टूल वापरून तेवढा एकच प्रोग्रॅम जपानीत चालवा.

आता टायपिंग. विंडोज आणि स्पेस दाबून जपानी निवडलं तरी आयएमई (रोमन अक्षरांचं जपानी करणारा विंडोजचा टायपिंग प्रोग्रॅम) बऱ्याचदा इंग्रजी मोडमध्येच सुरू होतो. टास्कबारवर रोमन 'ए' दिसत असेल तर ऑल्ट धरून टॅबच्या वरची की दाबा, 'ए'च्या जागी हिरागाना 'आ' येईल. मग रोमनमध्ये लिहायचं, स्पेसने कांजी (चिनी मूळ असलेली चिन्हं) निवडायची, एंटरने पक्कं करायचं. एफ७ने काताकाना होतं.

आपण मराठी माणसं उच्चाराप्रमाणे लिहायला जातो आणि इथे अडकतो. 'कोन्निचिवा' लिहिताना दोन 'एन' दिले तर आयएमई त्या दोघांचा मिळून एकच 'न्' करतो आणि पुढे नुसता 'इ' उरतो, म्हणजे 'कोन्-इचि' असं काहीतरी होतं. तीन 'एन' द्या. शेवटचा 'वा'ही 'एचए' असाच टाइप करायचा, कारण लिहिताना ते अक्षर 'हा' आहे.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती पुढे नक्की छळेल. जपानी मोडमध्ये आकडे आणि स्पेससुद्धा पूर्ण रुंदीचे पडू शकतात. डोळ्यांना ते थोडे सुटे वाटतात इतकंच, पण कॉम्प्युटरसाठी ती वेगळी अक्षरं आहेत. पार्ट नंबर दोन्ही शीटमध्ये हुबेहूब दिसतोय आणि एक्सेलचं शोधणारं फंक्शन व्हीलुकअप मात्र सापडत नाही म्हणतंय, असं झालं की सगळ्यात आधी हेच तपासा. एक्सेलचं 'एएससी' फंक्शन अशी अक्षरं अर्ध्या रुंदीची करतं, पण त्यासाठी ऑफिसमध्ये जपानी भाषा चालू असावी लागते. आणि कोडमध्ये पूर्ण रुंदीची एखादी स्पेस राहिली तर कंपायलर ज्या ओळीवर अडतो ती ओळ बघून काहीच चुकलेलं दिसत नाही. म्हणून कोड किंवा पार्ट नंबर लिहायच्या आधी आयएमई परत 'ए'वर आणा.