ट्रस्टच्या करआकारणीचा विषय घेण्यापूर्वी

बेळगाव

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

एलएलएमला, म्हणजे कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला, ट्रस्टच्या करआकारणीचा विषय घ्यायचा आहे, त्यासाठी मी पात्र आहे का, असे तू विचारले आहेस. कागदावरची पात्रता अवघड नाही. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जायचे असेल तर एलएलबीला ५० टक्के गुण, अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना ४५ टक्के, आणि पदव्युत्तर क्लॅट ही प्रवेशपरीक्षा एवढे लागते. हुबळीच्या कर्नाटक राज्य विधी विद्यापीठाचे नियम त्या-त्या वर्षीच्या प्रवेशपत्रकात पाहून घे. ज्या तयारीविषयी पत्रकात एक ओळही नसते, तिच्याबद्दल मला अधिक सांगायचे आहे.

पदवीला करकायदा सर्वांनाच शिकावा लागतो. ट्रस्टचा कायदा मात्र पुष्कळ जण बाजूला ठेवतात आणि पुढे नेमके तिथेच अडतात. मालकी विश्वस्ताची आणि लाभ दुसऱ्याचा, ही १८८२ च्या भारतीय न्यास कायद्यातली मूळ रचना पक्की समजल्याशिवाय कर कोणाच्या नावावर बसवायचा हा प्रश्नच नीट मांडता येत नाही.

एक उदाहरण घे. खानापूरच्या आजोबांनी बाजारातला गाळा दोन सज्ञान नातवंडांसाठी ट्रस्टमध्ये ठेवला. दस्तात ‘दोघांना निम्मे-निम्मे भाडे द्यावे’ असे लिहिले असेल, तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे विश्वस्ताकडून कर घेतला जातो, पण ज्याच्या-त्याच्या वाट्याला लाभार्थ्याच्याच दराने. त्याऐवजी ‘विश्वस्तांना योग्य वाटेल तसे द्यावे’ असे शब्द असतील, तर वाटे अनिश्चित ठरतात आणि, काही अपवाद सोडता, कलम १६४ खाली कमाल दर लागतो. गाळा तोच, भाडे तेच, कर मात्र निराळा! हा फरक दस्त वाचून स्वतः सांगता आला, तर तू या विषयासाठी तयार आहेस असे मी समजेन. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. तरी आजवरचे बहुतेक निवाडे जुन्या क्रमांकांवर असल्यामुळे दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचावे लागतील.

धर्मादाय संस्थांचा भाग वेगळाच आहे, कारण १८८२ चा कायदा धार्मिक व धर्मादाय देणग्यांना लागू नाही. तिथे धर्मादाय हेतूची व्याख्या, नोंदणी आणि उत्पन्नाचा ८५ टक्के भाग हेतूसाठी खर्च करण्याची अट यांपासून सुरुवात कर. आपला जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे इथल्या जुन्या संस्थांच्या कागदांत १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील नोंदणी आढळते. दस्त मराठीत आणि मिळकतीचा आजचा उतारा कन्नडमध्ये, असेही पुष्कळदा असते. तेव्हा कन्नड उतारा स्वतः वाचता येईल इतकी तयारी कर. आपल्या मराठीवर माझे प्रेम कमी नाही, पण अशिलाचा कागद दुसऱ्याकडून वाचून घेणारा वकील मला मान्य नाही.

हिशेबाची भीती बाळगू नकोस. जमाखर्च आणि ताळेबंद वाचता आले तरी पुरे.

अर्ज भरण्यापूर्वी एक खासगी आणि एक धर्मादाय असे दोन दस्त वाच आणि प्रत्येकावर कर कोणाला, कोणत्या कलमाने, याचे टिपण माझ्याकडे पाठव. मी ते तपासून देईन.

कळावे,
तुझा शुभचिंतक