लेडबीटर्स पॉसमला वाळकी झाडं का लागतात?

प्रश्न: आम्ही मेलबर्नला राहतो. सुट्टीत मेरिसव्हिलच्या जंगलात गेलो होतो, तिथे लेडबीटर्स पॉसमबद्दल ऐकलं. आमच्या छपरावर रात्री धावाधाव करतो तोच का हा? आणि तिथली वाळलेली मोठमोठी झाडं पाडत का नाहीत?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर: नाही हो, हा वेगळा. पॉसम म्हणजे झाडांवर राहणारे, पोटाला पिल्लांची पिशवी असलेले प्राणी, त्यांच्या बऱ्याच जाती. छपरावरचा बहुतेक ब्रशटेल नाहीतर रिंगटेल जातीचा, ब्रशटेल तर मांजराएवढा होतो. लेडबीटर जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा, राखाडी-तपकिरी, पोट फिकं, डोक्यापासून पाठभर एक काळपट पट्टा, आणि शेपटी मुळाशी बारीक नि टोकाला जाड, त्यावरून लगेच ओळखू येतो. शुगर ग्लायडर या तरंगत जाणाऱ्या छोट्या प्राण्यासारखा वाटतो खरा, पण त्याच्यासारखा अंगाला पडदा नाही, म्हणजे तरंगत जाणं नाही, फांदीवरून फांदीवर उड्याच मारायच्या, त्यामुळे झाडी दाट पाहिजे.

आता वाळक्या झाडांचं. हा ढोलीत राहतो, सालीचे धागे काढून घरटं करतो, एका ढोलीत अख्खं कुटुंब, कधी दहा-बारा जण, आणि तिथे मादीचंच चालतं, बाहेरची मादी आली की हुसकावून लावते. तिथलं मुख्य झाड माउंटन ॲश, निलगिरीच्याच जातीतलं, पण त्याला अशी ढोली पडायला शंभर-दीडशे वर्षं जातात. म्हणून ती झाडं मेली तरी राखायची. बरं, नुसत्या म्हाताऱ्या झाडांनीही भागत नाही, कारण खाणं वॉटलवर, आपल्या बाभळीच्या नात्यातलं झाड ते, त्याची साल कुरतडून पाझरणारा डिंक चाटायचा, जोडीला किडे-कोळी. म्हणजे घर जुनं नि स्वयंपाकघर नवं, आणि दोन्ही जवळजवळ.

1939 च्या वणव्यानंतर ते जुळून आलं, जळकी झाडं ढोल्यांसकट उभी राहिली आणि खाली वॉटल माजलं. तोवर हा प्राणी संपलाच असं धरलं होतं, पण 3 एप्रिल 1961 ला एरिक विल्किन्सन यांना कँबरव्हिलजवळ दिसला, म्हणजे तुम्ही गेलात त्याच भागात! 2009 च्या वणव्यात मात्र त्याचं बरंच जंगल गेलं, आणि 39 ची वाळकी झाडंही आता कुजून पडतायत. 1971 मध्ये व्हिक्टोरिया राज्याने त्याला राज्यप्राणी केलं, पण तिथल्या सरकारी जंगलातली लाकूडतोड बंद व्हायला 2024 उजाडलं, फारच उशीर झाला असं मला वाटतं. आता ढोलीऐवजी राहायला लाकडी पेट्या टांगतात, करवतीने झाडात ढोल्या कोरतात.

परत गेलात तर अंधार पडायच्या आधी अशा झाडाखाली थांबा, अंधार पडता पडताच ते बाहेर पडतात. टॉर्चला लाल कागद लावा.