पाण्यातला रंग शोषायला शेंगांच्या टरफलांपासून कार्बन करतोयस, तर एवढं सांभाळ

टरफलं धुऊन वाळव, फॉस्फरिक ॲसिडमध्ये भिजव, झाकण लावून ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाज. पुढची धुलाई मात्र घाईत उरकू नकोस. आत ॲसिड उरलं तर ज्या रंगाच्या द्रावणात कार्बन घालून हलवशील त्याचा पीएच घसरतो, म्हणजे ते ॲसिडिक होतं, आणि मिथिलीन ब्ल्यूसारखा धनभारित रंग ॲसिडिक पाण्यात कमीच चिकटतो.

आणि कृपा करून नंतर कार्बन गाळायला फिल्टर पेपर वापरू नकोस! तो स्वतःच हा रंग शोषतो. रंगातली ती घट तू कार्बनच्या नावावर मांडशील. सेंट्रिफ्यूज कर, म्हणजे वेगाने फिरवून कार्बन तळाला बसव; वरच्या नितळ पाण्यात किती रंग उरला ते ६६४ नॅनोमीटरच्या प्रकाशात मोज. तुलनेसाठी कार्बन न घातलेला एक फ्लास्कही सोबत हलव.

इचलकरंजीच्या प्रोसेस हाउसचं (कापड रंगवणाऱ्या कारखान्याचं) सांडपाणी इतक्यात नको. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित असतात, वर मीठही भरपूर; तिथे पीएचचं गणित उलटं चालतं.