पेमेंट फेल झाल्यावर दिसणारी ती ओळ

अरे,

तुझा रात्रीचा तो भलामोठा मेसेज सकाळी ऐरोलीला उतरता उतरता वाचला. पेमेंट फेल झालं की दिसायला तू पतपेढीच्या अ‍ॅपमध्ये गमतीत टाकलेली 'पैसे गेले काशीला' ही ओळ वाचून मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. पण जे ग्राहक काका तिचा स्क्रीनशॉट घेऊन कळव्याच्या शाखेत जाऊन उभे राहिले त्यांना कुठून हसू येणार, खात्यातून हप्ता कापला गेलाय आणि पतपेढीचंच अ‍ॅप सांगतंय की पैसे काशीला गेले.

तू लिहिलंयस की ती ओळ कोणाला दिसणारच नव्हती. म्हणूनच तर टाकलीस ना तिथे! होमपेजवर कोणी असले जोक टाकत नाही, कोड जिथे कधी पोचणार नाही असं वाटतं तिथेच टाकतो आपण, डिफॉल्ट एररमध्ये नाहीतर मेलच्या टेम्प्लेटमध्ये. आणि तिथे पोचतो कोण, तर ज्याचं आधीच काहीतरी बिघडलंय तो. बँकेचा सर्व्हर टाइमआउट, दोनदा ओटीपी टाकून झालेला, पैसे गेले की राहिले कळत नाहीये, बिचारा रडकुंडीला आलाय. नेमका त्याच्यासाठी तुझा जोक ठेवलेला.

कोडच्या रिव्ह्यूत सुटलं याचं तर मला अजिबात नवल नाही. लीड चेन्नईचा, क्यूएने, म्हणजे टेस्टिंगवाल्यांनी, सगळं इंग्लिश मोडमध्ये तपासलेलं, मराठी स्ट्रिंग्जची, म्हणजे स्क्रीनवर दिसणाऱ्या वाक्यांची, फाइल उघडून वाचणारा तू एकटाच. नवी मुंबईत बसून ही अवस्था आहे आपली, असो.

मोठमोठ्यांचं होतं हे. मे २०२२ मध्ये बीबीसीच्या बातम्यांखालच्या पट्टीवर 'मँचेस्टर युनायटेड भंगार आहे' अशा अर्थाची ओळ फिरली, पट्टी चालवायला शिकणारं कोणीतरी मनाला येईल ते टाइप करत होतं, आणि शेवटी निवेदिकेला ऑन एअर माफी मागावी लागली. त्याच्या आदल्या वर्षी जूनमध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेच्या बऱ्याच ग्राहकांना 'इंटिग्रेशन टेस्ट ईमेल क्रमांक १' असा मेल गेला. कंपनीने सांगितलं की हो, इंटर्नकडून झालं, तर लोक उलट त्या इंटर्नला धीर द्यायला लागले, आपापले किस्से सांगायला लागले. घोळ तसा एकाच जातीचा, पण त्या मेलमधला मजकूर इतका नीरस होता की कोणाला लागण्यासारखं काही नव्हतंच त्यात.

म्हणून डमी मजकूर, म्हणजे खरं वाक्य येईपर्यंत जागा भरायला टाकलेला, कंटाळवाणाच लिहायचा, आणि सगळीकडे एकाच ठरलेल्या शब्दाने सुरू करायचा, म्हणजे तो शब्द सापडला की बिल्डच फेल होईल, म्हणजे नवं व्हर्जन तयारच होणार नाही, अशी तपासणी सीआयमध्ये, कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, लावता येते. एररसाठी तर डमी लिहूच नको, पहिल्या दिवशीच खरं वाक्य लिही, 'व्यवहार पूर्ण झाला की नाही ते तपासत आहोत, कृपया पुन्हा पैसे भरू नका', किती वेळ लागतो त्याला? आणि हो, टेस्टिंगला ते ९८७६५४३२१० आणि टेस्ट अ‍ॅट टेस्ट डॉट कॉम बंद कर आता. टेस्ट डॉट कॉम हे खरंखुरं डोमेन आहे, नंबरही कोणाचा तरी असू शकतो, ओटीपी त्या माणसाला जातील. एक्झाम्पल डॉट कॉम १९९९ पासून यासाठीच राखून ठेवलंय, ते वापर.

आता आजचं. गिटची हिस्टरी, म्हणजे कोडमध्ये कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, पुसायच्या भानगडीत पडू नकोस, जोक माफ होईल पण लपवाछपवी नाही होणार. हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती, गेला म्हणून निवांतही बसू नको, ती ओळ अ‍ॅपमध्येच बसलेली आहे म्हणजे ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांच्या फोनवर ती अजून जिवंत आहे, तेव्हा जुन्या व्हर्जनला सक्तीचं अपडेट लावता येतं का ते लीडला आजच विचार. काकांचा हप्ता जमा झाला का ते पतपेढीकडून कळलं की मगच क्लायंटला मेल लिही, त्यात पहिली ओळ त्या हप्त्याची, माफी त्याच्या खाली, आणि 'ते टेस्टिंगचं होतं' हे वाक्य कुठेच नको. ड्राफ्ट मला टाक, जेवणाच्या सुट्टीत बघतो.